टचस्क्रीनला आपलं बोट कळतं कसं?

एक करून बघा. फोनची स्क्रीन चालू करा आणि त्यावर पेनाचं प्लॅस्टिकचं टोपण दाबा, हवं तेवढं जोरात दाबा, काहीही होणार नाही. नुसतं नख लावा, तरी नाही. आता घरात काकडी असेल तर ती हातात धरून तिचं टोक स्क्रीनवर फिरवा, फोन तिला बोटच समजतो आणि ॲप्स सरकायला लागतात. म्हणजे फोनला दाब कळत नाहीये आणि बोटही बोट म्हणून कळत नाहीये, त्याला तिसरंच काहीतरी कळतंय. आणि गंमत म्हणजे हेच एखाद्या जुन्या नोकिया ५२३३ वर केलं तर सगळं चालतं, टोपण चालतं, नख चालतं, हातमोजा घातलेला असला तरी चालतं, कारण तिथे दाबच मोजला जातो.

टचस्क्रीन म्हणून आपण ज्याला एकच वस्तू समजतो त्या खरं तर चार-पाच पूर्ण वेगळ्या युक्त्या आहेत आणि प्रत्येक युक्ती बोटाचा एक वेगळा गुण पकडते. कुठे बोटाचा दाब, कुठे बोटाने अडवलेला प्रकाश, कुठे बोटाने शोषलेला आवाज आणि कुठे आपल्या अंगातून वीज जाऊ शकते ही गोष्ट. कुठली स्क्रीन यातलं काय पकडते हे एकदा समजलं ना, की ती पावसात का बिथरते, चार्जिंगला लावली की आपोआप का चालते, आजीच्या बोटाला का दाद देत नाही, हे सगळं आपलं आपल्यालाच उलगडत जातं.

सुरुवात विमानांपासून झाली. १९६५ मध्ये इंग्लंडात माल्व्हर्नला रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट ही सरकारी संशोधन संस्था होती, तिथल्या ई. ए. जॉन्सन यांनी एक अगदी छोटा शोधनिबंध छापला. एअर ट्रॅफिक कंट्रोलरला कॉम्प्युटरला काही सांगायचं तर कीबोर्डवर टाइप करावं लागणार, त्यात वेळ जाणार, चुका होणार, आणि आकाशात विमानं काय थांबून राहत नाहीत. म्हणून जॉन्सननी पिक्चर ट्यूबच्या काचेवर बारीक तारा बसवल्या. ज्या तारेला बोट लागेल तिथला विद्युतभार थोडा बदलायचा, तो बदल मोजायचा, आणि त्या तारेसमोर स्क्रीनवर जे लिहिलंय ते निवडलं असं समजायचं. म्हणजे बघा, आज आपल्या खिशातल्या फोनमधे जे तत्त्व आहे तेच पहिल्या टचस्क्रीनमधे होतं, मधली चाळीस वर्षं बाकीच्या युक्त्यांनी गाजवली आणि मग जग फिरून परत तिथेच आलं.

यानंतरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सर्नची आहे, जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा. १९७० च्या सुमाराला तिथे सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन हे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र बांधायचं चाललं होतं, जमिनीखाली जवळपास ७ किलोमीटर घेराचं कडं आणि त्यात हजारो चुंबकं, पंप, मीटर. जुन्या पद्धतीने प्रत्येक गोष्टीला स्वतःचं बटण आणि स्वतःची वायर द्यायची म्हटली तर कंट्रोल रूममधे भिंतीच्या भिंती बटणांनी भरल्या असत्या आणि माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतच राहिला असता. कंट्रोल रूमचं काम बघणाऱ्या फ्रँक बेक यांनी बेंट स्टुम्पे या डॅनिश इंजिनिअरला विचारलं की काही मार्ग आहे का. स्टुम्पेंनी ११ मार्च १९७२ तारखेचं हाताने लिहिलेलं एक टिपण दिलं, त्यात सुचवलं होतं की बटणं मोजकीच ठेवू पण त्यांच्यावरचं नाव आणि काम सॉफ्टवेअरने बदलू. काचेवर तांब्याच्या इतक्या बारीक रेघा कोरल्या की डोळ्याला दिसू नयेत, त्यातून १६ बटणं झाली, आणि एक बटण दाबलं की पुढची १६ समोर यायची. १९७६ ला यंत्र सुरू झालं तेव्हा एवढं अवाढव्य धूड दोन-तीन टेबलांवरून चालवता येत होतं.

टचस्क्रीनचा खरा जीव मला इथे दिसतो. बोट लावणं हा अर्धाच भाग झाला. बटणाला कायमची जागा आणि कायमचं नाव राहिलं नाही, हा मोठा भाग. तुमच्या फोनचा कीबोर्ड क्षणात मराठी होतो, क्षणात इंग्रजी, लगेच कॅल्क्युलेटर, ती सगळी त्या १६ बटणांचीच वंशावळ.

जवळपास त्याच वेळी अमेरिकेत केंटकी विद्यापीठात सॅम हर्स्ट नावाचे भौतिकशास्त्रज्ञ वेगळ्याच कारणाने वैतागले होते. प्रयोगांचे आलेख कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर छापून येत आणि त्यावरचा एकेक बिंदू मोजून आकडे काढायला विद्यार्थ्यांचे महिने जाणार होते. त्यांनी वीज वाहणारा एक कागद घेऊन अशी सोय केली की आलेखावर जिथे टेकवाल तिथले आडवे-उभे आकडे आपोआप मिळतील. १९७१ मध्ये त्याला इलोग्राफ नाव दिलं, कंपनी काढली, आणि पुढच्या काही वर्षांत तीच गोष्ट पारदर्शक करून स्क्रीनवर बसवली. ही झाली रेझिस्टिव्ह टचस्क्रीन, म्हणजे दाब ओळखणारी.

तिचं काम समजायला एकदम सोपं आहे. खाली काच, वर लवचिक प्लॅस्टिकचा पातळ पडदा, आणि दोघांच्या आतल्या बाजूला वीज वाहणारा पारदर्शक थर. दोन्ही थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे डोळ्याला न दिसणारे बारीक ठिपके. आता खालच्या थराच्या डाव्या कडेला शून्य व्होल्ट आणि उजव्या कडेला ५ व्होल्ट दिले की व्होल्टेज डावीकडून उजवीकडे सावकाश चढत जातं, बरोब्बर मध्यावर ते अडीच असतं. तुम्ही दाबलं की वरचा पडदा त्या जागी खाली टेकतो आणि तिथलं व्होल्टेज उचलतो. सव्वा व्होल्ट मिळालं म्हणजे तुम्ही डावीकडून पाव अंतरावर आहात. लगेच अदलाबदल करायची, वरच्या थराला वरून खाली व्होल्टेज द्यायचं आणि खालच्याने वाचायचं, की उभं अंतर मिळालं. हे इतक्या वेगाने चालतं की आपल्याला दोन पायऱ्या आहेत हे कळतही नाही.

आता यातून फायदे-तोटे आपोआप निघतात. दाबायला काहीही चालतं, बोट ओलं असो, पिठाचं असो, हातात ग्लोव्ह असो. स्वस्त पडतं, वीज कमी खातं. पण वरचा पडदा सतत वाकून वाकून त्यावरच्या थराला बारीक तडे जातात, मग मोजमाप हलतं, आणि आठवतंय ना, जुन्या फोनमधे कोपऱ्यातल्या फुल्यांवर टोचून कॅलिब्रेशन करावं लागायचं ते याचसाठी. जास्तीच्या थरांत बराच उजेड अडकतो म्हणून स्क्रीन धुरकट दिसते. आणि दोन बोटं लावली तर बिचारीला दोन्हींच्या मधला कुठलातरी एकच बिंदू मिळतो, त्यामुळे चिमटीने फोटो मोठा करणं विसरा.

आपल्याकडे बऱ्याच जणांची टचस्क्रीनशी पहिली ओळख ही अशीच झाली, नोकिया ५८००, मग ५२३३, आणि स्टायलस खोचलेले असंख्य चायनीज फोन. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत मोठ्या थाटात आकाश टॅबलेट आला, विद्यार्थ्यांसाठी स्वस्तात स्वस्त, त्याचीही सात इंची स्क्रीन रेझिस्टिव्हच होती. ज्यांनी वापरला त्यांची मोठी तक्रार हीच की दाबावं लागतं, सरकत नाही. पुढचा आकाश-२ आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली नोव्हेंबर २०१२ मध्ये आला त्यात मग कपॅसिटिव्ह स्क्रीन घातली. माझं मत विचाराल तर पहिल्या निर्णयाला वाईट म्हणता येणार नाही, किंमत तेवढीच ठेवायची तर पर्याय नव्हता, पण लोकांच्या बोटांना तोवर हलक्या स्पर्शाची सवय लागलेली होती आणि ती सवय परत फिरत नाही. कारखान्यातल्या मशीनच्या पॅनलवर मात्र, जिथे कामगार हातमोजे काढू शकत नाही, तिथे रेझिस्टिव्ह आजही टिकून आहे आणि तिथे तीच बरोबर आहे.

दुसरी युक्ती प्रकाशाची. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची कॉम्प्युटरवर शिकवायची व्यवस्था होती, तिच्या १९७२ च्या प्लेटो-४ टर्मिनलला नारिंगी रंगाचा प्लाझ्मा स्क्रीन होता आणि त्याच्या चौकटीत इन्फ्रारेड दिवे. एका बाजूला दिवे, समोरच्या बाजूला त्यांचा उजेड बघणारे सेन्सर, असे आडवे १६ आणि उभे १६ किरण, म्हणजे स्क्रीनसमोर २५६ चौकोनांची न दिसणारी जाळी. विद्यार्थी उत्तरावर बोट ठेवायचा, एक आडवा आणि एक उभा किरण तुटायचा, कळलं कुठलं उत्तर ते. १९८३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-१५० हा कॉम्प्युटर काढला तोही असाच, त्याच्या चौकटीला बारीक भोकं होती आणि त्यात धूळ बसायची, ती साफ करत राहावी लागायची.

इथे बोट काचेला लागलंही पाहिजे असं नाही, किरण तुटला की झालं. शाळेत जे मोठे इंटरॅक्टिव्ह पॅनल आलेत त्यातले पुष्कळसे याच तत्त्वावर चालतात, म्हणून तिथे खडू, डस्टर, पेनाची मागची बाजू काहीही चालतं, आणि म्हणूनच बाईंच्या साडीचा पदर कडेला लागला की फळ्यावर नको तिथे रेघ उमटते. थेट ऊन पडलं तर सेन्सर गोंधळतात कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. दोन बोटांचा घोळ इथेही आहे: दोन आडवे आणि दोन उभे किरण तुटले तर त्यांचे छेद चार होतात, त्यातले दोन खरे आणि दोन खोटे, कुठले कुठले हे साध्या जाळीला सांगता येत नाही. नवीन पॅनलमधे तिरके किरण पण तपासतात, त्यामुळे हा घोळ बराच सुटलाय. मोठ्या स्क्रीनला मात्र ही पद्धत फार परवडते, कारण खर्च फक्त चौकटीचा, पूर्ण काचेचा नाही.

तिसरी युक्ती आवाजाची, आणि ती ज्यांनी पुढे आणली ते रॉबर्ट ॲडलर, झेनिथ कंपनीचे, ज्यांनी १९५६ मध्ये टीव्हीचा अल्ट्रासाउंडवर चालणारा वायरलेस रिमोट बनवला होता तेच. काचेच्या कोपऱ्यातून साधारण ५ मेगाहर्ट्झच्या लहरी काचेच्या पृष्ठभागावरून सोडायच्या, कडेला कोरलेल्या बारीक तिरक्या रेघा त्यातला थोडा थोडा भाग काटकोनात वळवून पलीकडे पाठवतात. जवळच्या रेघेवरून वळलेली लहर लवकर पोचते, लांबची उशिरा. बोट लावलं की मऊ कातडी तिथली लहर शोषून घेते, आणि येणाऱ्या सिग्नलमधे नेमक्या त्या वेळेला खड्डा पडतो, किती वेळाने खड्डा पडला यावरून जागा मिळते. काचेवर कुठलाच थर नाही म्हणून चित्र एकदम स्वच्छ. पण नख, पेन असल्या कडक वस्तू लहर शोषत नाहीत म्हणून चालत नाहीत, आणि पाण्याचा थेंब पडून राहिला की मशीनला वाटतं कोणीतरी बोट ठेवूनच उभं आहे. त्यामुळे ही स्क्रीन छताखालच्या माहितीच्या कियॉस्कमधे शोभते, उघड्यावर नाही.

आता आपल्या फोनकडे येऊ, कपॅसिटिव्ह. वीज वाहणाऱ्या दोन वस्तू एकमेकींना न लागता जवळ ठेवल्या तर त्यांच्यामधे थोडा विद्युतभार साठून राहू शकतो, त्या क्षमतेला कपॅसिटन्स म्हणायचं. आपलं अंग म्हणजे भरपूर खारं पाणी, वीज बऱ्यापैकी वाहून नेतं, आणि फोनच्या मानाने आकारही मोठा, त्यामुळे बोट काचेजवळ आलं की काचेखालच्या तारांना एक नवा शेजारी मिळतो आणि तिथलं कपॅसिटन्स बदलतं. काकडीचं गुपित हेच, तिच्यात पाणी आहे आणि ती तुमच्या हातात आहे. टोपणात आणि नखात वीज वाहत नाही.

या तारा दिसत का नाहीत? बऱ्याचशा फोनमधे त्या इंडियम टिन ऑक्साइडच्या असतात, म्हणजे इंडियम आणि कथील यांचं ऑक्साइड, हा असा विरळा पदार्थ आहे जो काचेसारखा पारदर्शक आहे आणि तरी वीज वाहतो. इंडियम मुळात जस्त शुद्ध करताना हाताला लागणारा धातू, मुबलक नाही, आणि थर ठिसूळ असतो म्हणून घडीच्या फोनसाठी आणि मोठ्या पॅनलसाठी धातूची अतिबारीक जाळी वगैरे पर्याय वापरतात.

काचेखाली या तारांच्या आडव्या ओळी आणि उभ्या रांगा असतात, साधारण चार-पाच मिलिमीटर अंतराने. मोजायच्या दोन रीती. पहिली, प्रत्येक तारेला वेगवेगळं विचारायचं की बाई, तुझं कपॅसिटन्स वाढलं का. याला सेल्फ म्हणतात, ही फार संवेदनशील आहे, बोट जरा लांब असतानाही कळतं, पण दोन बोटं आली की वर सांगितलेला चार छेदांचा घोळ इथेही होतो. दुसरी रीत म्युच्युअल: एका आडव्या तारेतून सिग्नल पाठवायचा आणि प्रत्येक उभ्या तारेवर तो किती पोचला ते वाचायचं. पाटाचं पाणी एका वाफ्याकडे चाललेलं असताना मधेच कुणी बारं फोडलं की पुढे पाणी कमी पोचतं, तसं बोट दोन तारांमधल्या विद्युतक्षेत्रातला थोडा भाग आपल्याकडे ओढून घेतं आणि त्या छेदावर सिग्नल कमी भरतो. मग दुसरी आडवी तार, मग तिसरी, असं करत अख्ख्या स्क्रीनवरचा प्रत्येक छेद वेगळा तपासला जातो. प्रत्येक छेदाचं उत्तर वेगळं असल्यामुळे दहाच्या दहा बोटं ठेवली तरी घोळ होत नाही. तुम्ही चिमटीने फोटो मोठा करता त्याच्यामागे हे आहे.

हा बदल किती छोटा असतो ते बघा. एका छेदाचं कपॅसिटन्स पिकोफॅरडच्या घरात असतं, एक पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा लाख कोटीवा भाग, आणि बोटाने त्यातला थोडासा हिस्सा बदलतो. तो हिस्सा खालच्या डिस्प्लेच्या गोंगाटातून वेगळा काढायचा आणि तोही सेकंदाला साठ, एकशेवीस, काही फोनमधे त्याहून जास्त वेळा. आणि तारा जर चार-पाच मिलिमीटरवर असतील तर कीबोर्डवरचं 'ळ' आणि 'ल' कसं वेगळं कळतं? कारण बोट एकाच छेदावर बसत नाही, आजूबाजूच्या बऱ्याच छेदांवर त्याचा कमीजास्त परिणाम होतो, आणि कुठे किती झाला याची सरासरी काढून मध्यबिंदू शोधला की मिलिमीटरपेक्षाही बारीक जागा मिळते. निम्मं काम तारांचं, निम्मं या गणिताचं.

अनेक बोटं ओळखायची कल्पना फोनच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्या सुरुवातीला एक भारतीय नाव आहे हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९८२ मध्ये कॅनडात टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी धुरकट काचेमागे कॅमेरा लावून एकाच वेळी अनेक बोटं टिपणारं यंत्र केलं. तिथेच पुढे १९८५ मध्ये बिल बक्स्टन यांच्या गटाने कपॅसिटिव्ह पद्धतीचा अनेक बोटांचा टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची स्पर्शाची पाटी, मांडला, त्याच्या आधी १९८४ ला बेल लॅब्समधे बॉब बोई यांनी पारदर्शक स्क्रीनवर ते केलं होतं. मग डेलावेअर विद्यापीठातले वेन वेस्टरमन, टाइप करून करून त्यांचे हात दुखायला लागले होते, कीबोर्डला जोरच लावावा लागू नये म्हणून त्यांनी आणि त्यांचे प्राध्यापक जॉन इलायस यांनी १९९८ मध्ये फिंगरवर्क्स काढली, हलक्या स्पर्शावर आणि बोटांच्या खुणांवर चालणारे कीबोर्ड बनवणारी. २००५ मध्ये ॲपलने ती विकत घेतली. ९ जानेवारी २००७ ला आयफोन दाखवला त्यात हे सगळं होतं. पहिला कपॅसिटिव्ह फोन मात्र तो नव्हता, एलजी प्राडा त्याच्या महिनाभर आधी जाहीर झालेला होता. आणि पहिला टचस्क्रीन फोन म्हणाल तर तो त्याहून कितीतरी जुना, १९९४ मध्ये विकायला आलेला आयबीएम सायमन, स्टायलसने चालणारा.

आता रोजच्या तक्रारी. पाणी. पाण्यातून वीज जाते म्हणून ओली स्क्रीन म्हणजे फोनला जागोजागी बोटं. चांगले कंट्रोलर, म्हणजे फोनमधल्या टच वाचणाऱ्या चिप्स, यावर सेल्फ आणि म्युच्युअल दोन्ही रीती ताडून बघतात, एकटा पडलेला थेंब कुणाच्या अंगाला जोडलेला नसल्यामुळे सेल्फमधे जवळजवळ दिसतच नाही, मग त्याला वगळता येतं. पण पावसात ओघळ बोटाला आणि कडेला जोडले गेले की हे गणित फसतं. उपाय साधाच, आधी कोरडी करा.

चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप टाइप करायला लागते, ॲप उघडतात, हे भुताटकीसारखं वाटतं पण बहुतेक वेळा हलक्या चार्जरचा प्रताप असतो. त्याच्या आउटपुटमधला विजेचा गोंगाट नीट गाळलेला नसतो, जमिनीच्या मानाने अख्खा फोनच वरखाली हलत राहतो, आणि तुम्ही बोट लावलं की तो गोंगाट नेमका तारांमधे शिरतो. चार्जर बदलून बघितल्याशिवाय स्क्रीन बदलायला जाऊ नका.

आणि तिसरी गोष्ट मला कळकळीने सांगायचीय. ज्यांचे हात आयुष्यभर शेतात, बांधकामावर, भांड्यात गेले त्यांच्या बोटांच्या टोकाची कातडी जाड आणि कोरडी झालेली असते. ओलसर जिवंत भाग काचेपासून थोडा लांब राहतो, टेकणारी जागा लहान पडते, आणि फोनला पुरेसा बदल मिळत नाही. मग ते आणखी जोरात दाबतात, जास्त वेळ धरून ठेवतात, फोन त्याला लाँग प्रेस समजतो आणि भलताच मेनू उघडतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं की तुम्हाला काही जमतच नाही. त्यात त्यांचा काहीच दोष नाहीये. जाड टेम्पर्ड ग्लास काढून टाका, सेटिंगमधे टच सेन्सिटिव्हिटी किंवा ग्लोव्ह मोड असेल तर चालू करा, बोट टोकाने न लावता पेराचा मांसल भाग आडवा लावायला सांगा, हाताला थोडा ओलावा असू द्या. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटीत लाँग प्रेसचा वेळ वाढवता येतो, तो वाढवा. मोठा फरक पडतो.

दुकानाबद्दलही थोडं. पूर्वी स्क्रीनला तडा गेला तर वरचा टच वेगळा आणि आतला डिस्प्ले वेगळा, फक्त टच बदलून थोडक्यात काम व्हायचं. आयफोन-५ पासून, म्हणजे २०१२ च्या सुमाराला, टचच्या तारा डिस्प्लेच्या आतच घालायला सुरुवात झाली आणि इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धतीने दोन्ही एकत्र केले. फोन बारीक झाला, चित्र काचेच्या अगदी जवळ आलं, पण आता दुकानदार फोल्डर किंवा कॉम्बो टाकावा लागेल म्हणतो ते याचमुळे, सगळं एकसंध चिकटवलेलं असतं. नुसती वरची काच बदलून देणारेही आहेत, पण ते कौशल्याचं आणि मशीनचं काम आहे, कुणाकडेही देऊ नका.

एवढं सगळं सांगितलं तरी प्रत्येक ठिकाणी टचस्क्रीन हवी असं मला अजिबात वाटत नाही. काचेवर बटण हाताला लागत नाही, डोळ्यांनीच शोधावं लागतं. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका एका टँकरवर आदळली आणि १० खलाशी गेले. चौकशीत अनेक कारणं निघाली, त्यातलं एक म्हणजे नौका चालवायची टचस्क्रीन, कोणतं नियंत्रण कुठल्या कंट्रोल टेबलाकडे गेलंय हे खलाशांना कळलंच नाही. २०१९ मध्ये नौदलाने वेग नियंत्रणासाठी परत हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. गाड्यांमधेही हेच, युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं नसतील तर गुण कमी करायचं ठरवलंय, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

पण दुसरी बाजूही आहे. गुळगुळीत काच अंध माणसाला कशी वापरता येणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमधे व्हॉइसओव्हर आलं आणि त्याच वर्षी अँड्रॉइडला टॉकबॅक. बोट काचेवर फिरवत न्यायचं, बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो, हवं ते सापडलं की दोनदा टॅप. बटणाला कायमची जागा नसणं ही जी अडचण होती तिच्यावर हा उपाय निघाला, आणि आज टॉकबॅक मराठीत वाचून दाखवतं.

शेवटी एक कामाची गोष्ट. तुमच्या फोनचा टच नीट आहे का हे फुकटात तपासता येतं. अँड्रॉइडमधे सेटिंग्जमधे अबाउट फोनमधे जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात पॉइंटर लोकेशन चालू करा. आता बोट फिरवाल तिथे रेघ उमटेल आणि वर आडवे-उभे आकडे दिसतील. वरून खालपर्यंत एकीला लागून एक अशा आडव्या रेघा मारत या, मग उभ्या. रेघ प्रत्येक वेळी त्याच पट्टीत तुटत असेल तर तिथली तार गेलीये, तो हार्डवेअरचा बिघाड. फक्त चार्जिंगला असतानाच थरथरत असेल तर चार्जर. सगळीकडे सारखीच अडखळत असेल तर आधी स्क्रीनगार्ड काढून परत एकदा बघा, आणि मगच दुकानात जा, दुसऱ्या फोनने त्या तुटक्या रेघांचा व्हिडिओ काढून सोबत न्या, म्हणजे दुकानदाराला बिघाड नेमका कुठे आहे ते लगेच दाखवता येईल.